करंगळीची जागा

रामटेकडीच्या पायथ्याशी सकाळी सात.
मातीच्या बांधावर धुकं अजून बसलेलं,
आणि खिलारे हवालदार सतरंजीवर
दोन पिस्तुलं मांडतात,
आठवडी बाजारात वांगी मांडावीत तशी.

एक लांब, जड, सर्व्हिसचं.
दुसरं तळहाताएवढं,
नुकतंच कोऱ्या डबीतून निघालेलं.
"तुमचा हात लहान, मॅडम," साहेब म्हणाले होते,
"तुम्हाला धाकटंच शोभेल."

शोभेल.
जशी मी सराफाकडे कुड्या बघत होते.

धाकटं घेतलं. तीन बोटं बसली,
करंगळी उरली
मुठीखाली हवेत,
पंगतीत पाट न मिळालेल्या पाहुणीसारखी.

पहिली गोळी.
ते नुसतं उसळलं नाही, चावलं.
अंगठ्याच्या बेचक्यात एक रेघ उमटली.
दुसरी, तिसरी, मनगट आता
आवाजाच्या आधीच दचकायला लागलं.
पंचवीस मीटरवरचा कागदाचा माणूस धडधाकट,
आणि शेजारच्या सावंत्यांच्या कागदावर
एक जादा भोक.
"नेम चांगलाय," सावंते म्हणाले, "माणूस चुकला."

खिलारे हसले नाहीत.
बत्तीस वर्षं रेंजवर काढून
त्यांचा डावा कान गेलाय.
साहेबांचं ते त्याच कानाने ऐकतात.
"मोठं घ्या," एवढंच म्हणाले.

मोठं घेतलं.
करंगळीला जागा मिळाली.
पुढची माशी आणि मागची खाच
यांच्यात चांगलं वीतभर अंतर,
हात चुकतोय हे हातातच कळायचं.
धाकट्यात ते कळत नाही,
कागदावर जाऊन मोठं होतं.

आणि धक्का,
तो आला, पण लोखंडाने वाटेत
अर्धाअधिक खाल्लेला.
एखादी थोरली जाऊ असते ना,
सासूचं बोलणं आधी अंगावर घेते
आणि उरलेलं हळूच पुढे सरकवते,
तसा.

दहापैकी आठ, चहाच्या बशीत मावतील अशी.

मग पुंगळ्या मोजायच्या.
वीस झाडल्या, एकोणीस सापडल्या.
एक कमी म्हणजे एक अहवाल, तीन सह्या,
आणि आठवडाभर सगळ्यांचं तोंड कडू.
सहा जण गवतात वाकले.
बांधापलीकडे मोर उगाच ओरडत होता.
सापडली माझ्याच कॉलरच्या आत.
मघाशी वाटलं होतं, मुंगी डसली.

खिलाऱ्यांनी ती उन्हात धरली.
"धाकट्याची."
दोघांच्या पोटात गोळी तर एकच जाते.
त्यांना कसं कळलं,
विचारायचं राहून गेलं.

सोमवारपासून साध्या वेशात लक्ष्मी रोड.
लग्नसराई, सोन्या मारुती चौकातली गर्दी,
गळ्यांकडे बघत चालणारे दोघे,
त्यांच्याकडे बघत चालणारी मी.
कुर्त्याखाली मोठं लपत नाही.
पीएमटीत बसलं की बरगडीत ढोसतं,
दुपारपर्यंत कंबर धरते.
म्हणून ते शिवाजीनगरला, कपाटात, रजिस्टरवर.
सोबत येतं ते धाकटं,
चावणारं.

आजवर एकदाही काढावं लागलं नाही.
लागू नये.
पण सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून
मी रामटेकडीला जाते
आणि त्याच्याशीच भांडत बसते.
करंगळी आता मुठीखाली दुमडून धरते,
पाट नाही तर नाही.
काल दहापैकी पाच.
बशीत नाही, परातीत म्हणा.
खिलारे म्हणाले, "हं."

घरी पोह्यांवर लिंबू पिळताना
बेचक्यात झोंबलं.
"काय लागलं?"
"पत्रा. डब्याचा."
आईने हात उलटसुलट करून पाहिला,
"केवढासा हात गं तुझा," म्हणाली,
आणि लोणच्याची बरणी,
जिचं झाकण महिनाभर कोणालाच निघालं नव्हतं,
माझ्यापुढे सरकवली.